आधी तयारी आमची, मग मांडवाची

सोलापूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन तरुण-तरुणींचा जाहीरनामा

आम्ही सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात शिकणारी मुलंमुली. कोणी दयानंदचं, कोणी संगमेश्वरचं, कोणी वालचंदचं, कोणी केगावच्या विद्यापीठात एम. ए. करणारं, तर कोणी बार्शी-सांगोल्याकडून रोज एसटीने येणारं. आमच्या घरांत मराठी बोलतात, कन्नड बोलतात, तेलुगू आणि उर्दूही बोलतात. विड्या वळून फी भरणाऱ्या आईच्या मुली आमच्यात आहेत आणि उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या बापाची मुलंही आहेत. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे की मनाची तयारी झाल्याशिवाय बोहल्यावर चढायचं नाही.

लग्नसंस्थेला आमचा विरोध नाही. आमच्यापैकी बहुतेकांना लग्न करायचंच आहे. ठरवून की प्रेमाने, हा वादही आम्ही इथे उकरत नाही. दोन्ही प्रकारची लग्नं विचार न करता होताना आम्ही पाहिली आहेत. घरचे म्हणतात म्हणून एक होतं, इतकी वर्षं एकत्र फिरलो आता काय मागे फिरणार म्हणून दुसरं होतं.

आपल्याकडे लग्नाची तयारी कमी होते असं कोणी म्हणणार नाही. स्थळ आलं की पत्रिका, गुण, मंगळ. मग कांदेपोहे, मग ‘मुलामुलीला जरा बोलू द्या’ म्हणून गच्चीवर दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत खालून दोनदा हाक. पसंती कळली की याद्या, सुपारी, साखरपुडा, बस्ता, हॉल, आचारी, मानपान. एकेका घरात वर्षभर हेच चालतं. कोणत्या मावशीला कोणतं पातळ, यावर बैठक बसते. पण ज्या दोघांना चाळीस-पन्नास वर्षं एका छताखाली काढायची आहेत त्यांना राग आला की ते काय करतात, पैसा कसा खर्च करतात, एकटं वाटलं की कोणाकडे जातात, याची चौकशी कोणत्याच यादीत नसते. ‘लग्न झालं की आपोआप कळतं’ हे उत्तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या आसपासच्या संसारांकडे पाहून आम्हाला ते पटत नाही.

पूर्वी हे चालत होतं, आणि ते का चालत होतं हे समजून घ्यायला हवं. लग्न तेव्हा दोघांचं कमी आणि दोन घरांचं जास्त असे. नवरा-बायको अबोला धरत तेव्हा मध्ये आजी असे, चुलती असे, वाड्यातलं कोणी असे. पोर सांभाळायला चार हात असत. त्या व्यवस्थेने बायकांना किती चिरडलं हे आम्हाला ठाऊक आहे, तिचे गोडवे आम्ही गात नाही. पण तिच्यात नवरा-बायकोच्या मनाच्या तयारीवर फारसं काही अवलंबून नव्हतं, कारण संसाराचा भार एकट्या दोघांवर नव्हता. आज सोलापूरचा मुलगा पदवी घेतो आणि हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठतो. लग्नानंतर दोघं चाकण नाहीतर हिंजवडीच्या बाजूला दोन खोल्यांत राहतात. दार लावलं की आत दोघंच. भांडण झालं तर सोडवायला कोणी नाही, आणि फोनवर दोन्हीकडच्या आया. भार नव्या पद्धतीचा आला, तयारी मात्र आजोबांच्या काळातलीच राहिली. आमची सगळी तक्रार या एका गोष्टीत आहे.

मानसशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मित्रमैत्रिणी एरिक एरिक्सनचं नाव घेतात. माणसाला आधी ‘मी कोण’ हे थोडंफार उमगावं लागतं, त्यानंतरच तो दुसऱ्याच्या खरोखर जवळ जाऊ शकतो, असं त्याने १९५० साली मांडलं. २००० साली जेफ्री आर्नेट या अमेरिकन संशोधकाने अठरा ते पंचवीस हा टप्पा पौगंडावस्थेपेक्षा वेगळा आणि पूर्ण प्रौढपणाच्याही अलीकडचा आहे असं म्हटलं. अमेरिकेतली मापं जशीच्या तशी इथे लावू नयेत हे खरं. आमच्यातली कितीतरी जणं बाराव्या वर्षापासून घर चालवायला हातभार लावतात, त्यांना कोणी ‘अजून लहान आहेस’ म्हणत नाही. पण घर चालवता येणं आणि जोडीदाराशी राहता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं शिकवलं जातं. दुसरं गृहीत धरलं जातं.

कायद्याने लग्नासाठी मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ ठरवलं आहे. १९२९ च्या शारदा कायद्यात ते १४ आणि १८ होतं, १९७८ पासून आजचं आहे. हे आकडे मिळवायला लोकांनी आयुष्यं घातली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या सुमारे ४० टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा त्याच पाहणीत जवळपास २२ टक्के होता. म्हणजे दहापैकी चार मुली अठराच्या आत बोहल्यावर चढल्या. ऊसतोडीच्या पट्ट्यात उचल ‘कोयत्या’ला मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तिथे लग्न लवकर होण्यामागे पोटाचा हिशेब असतो. अशा घरातून एखादी मुलगी एम. एस्सी.पर्यंत पोचते तेव्हा तिला मनाच्या तयारीची भाषा श्रीमंतांची चैन वाटू शकते. तिला आम्ही सांगतो की तिच्याशिवाय ही चळवळ उभी राहू शकत नाही. अठराच्या आतलं लग्न थांबवणं हा आमच्या कामाचा पहिला भाग आहे. ज्या मुलीला ‘थांबा’ म्हणायची सोय नाही, तिच्या तयारीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजू मुलांची. २१ डिसेंबर २०२२ रोजी याच शहरात ज्योती क्रांती परिषदेने नवरदेवांचा मोर्चा काढला. बाशिंग बांधलेली, घोड्यावर बसलेली लग्नाळू मुलं बँड लावून जिल्हाधिकारी कचेरीवर गेली आणि सरकारने आम्हाला नवरी मिळवून द्यावी म्हणाली. महाराष्ट्र हसला. आम्ही हसत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. गर्भातच मुली मारणाऱ्या पिढीने केलेल्या कर्माचं फळ त्या घोड्यांवर बसलं होतं, आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा ही त्यांची मागणी बरोबरच होती. शेती करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या मुलाची घुसमट खरी आहे. मुलीच्या बापाला जावयाकडे शेती हवी असते, पण जावई शेतकरी नको असतो.

तरी त्या मोर्चात एक प्रश्न कोणी विचारला नाही. नवरी आली, तर ती कशा संसारात येणार? उजनीच्या कालव्याला पाण्याची पाळी मागावी तशी नवरी मागितली गेली. तिचं शिक्षण, तिचा पगार, तिचं माहेर, तिची ‘नाही’ म्हणायची मुभा यांवर मोर्चेकऱ्यांपैकी किती जणांनी विचार केला होता? मोर्चात आमचेच भाऊ होते, म्हणून प्रश्न आमचा आम्हालाच आहे.

आणखी एक गोष्ट या शहराची खास. आमच्यापैकी अनेकांच्या घरांत मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत आहे, काही घरांत मामाशीच लग्न लावतात. पाळण्यात असताना चिडवायला सुरुवात होते आणि विसाव्या वर्षी कळतं की ती चेष्टा नव्हती. त्यात आई आणि तिचा भाऊ यांचं नातं तारण ठेवलेलं असतं. अशा मुलीला किंवा मुलाला नकार देणं म्हणजे आईचं माहेर तोडणं वाटतं. या घरांतल्या मित्रमैत्रिणींनी आमच्या बैठकीत हे मोकळेपणाने बोलावं, त्यांची नावं बाहेर जाणार नाहीत.

तयारी म्हणजे काय, हा प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो. आम्ही काही कसोटी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पण काही गोष्टींवर आमचं एकमत झालं आहे.

नकार देता येणं आणि नकार ऐकता येणं, ही पहिली. मुलींना नकार देणं शिकायचं आहे आणि मुलांना तो ऐकणं, असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात बापासमोर ‘मला आत्ता नको’ म्हणताना मुलांचीही बोबडी वळते. गड्ड्याच्या जत्रेत सम्मती कट्ट्यावर लाखो लोक ज्या लग्नाला अक्षता टाकतात, त्याची कथा आपण सगळे जाणतो. कुंभारकन्येने लग्नाची इच्छा सांगितली तेव्हा ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी आपण संसार करणार नाही हे आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि मग तिचा विवाह योगदंडाशी लागला. सोलापूरच्या सगळ्यात मोठ्या लग्नात नवरदेवाने आधी खरं सांगितलं होतं. आमच्या वरांनी आणि वधूंनी तेवढं तरी करावं.

भांडता येणं, ही दुसरी. न भांडणारं जोडपं आम्हाला आदर्श वाटत नाही. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शेकडो जोडप्यांना बोलताना-भांडताना वर्षानुवर्षं न्याहाळलं आणि म्हटलं की नवरा-बायकोतले बरेचसे वाद कधी सुटतच नाहीत. टिकणारी जोडपी ते वाद सोबत घेऊन जगतात. नातं सगळ्यात जास्त पोखरते ती तुच्छता. ‘तुला काय कळतंय’, ‘तुझ्या आईने हेच शिकवलं का’ ही आमच्या स्वयंपाकघरांतली रोजची वाक्यं त्याच जातीची. ती आम्ही घरीच शिकलो आणि ती आम्हालाच सोडायची आहेत. बाकी रुसवे-फुगवे देवालाही चुकले नाहीत. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत शोधत पंढरीपर्यंत आला. अजूनही दोघांचे गाभारे वेगळे आहेत आणि संसार व्यवस्थित चालू आहे.

पैशाबद्दल बोलता येणं, ही तिसरी, आणि आमच्या घरांत सगळ्यात अवघड. पगार किती, कर्ज किती, बहिणीच्या लग्नाची जबाबदारी कोणावर, गावी दरमहा किती पाठवायचे, बायकोचा पगार कोणाच्या खात्यात. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, म्हणून आता त्याला ‘मुलीच्या हौसेने दिलेलं’ म्हणतात. आमच्यापैकी कोणीही ती हौस पुरवून घेणार नाही.

आईवडिलांपासून तोडून न घेता वेगळं उभं राहता येणं. हे आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ चाललं, आणि अजून संपलेलं नाही. एकुलत्या मुलाने काय करायचं? विधवा आईची मुलगी असेल तर? याला एक उत्तर नाही. पण आई आणि बायको यांच्यातला निरोप्या होऊन बसणं म्हणजे संसार नव्हे, एवढं आम्हाला कळलं आहे. स्वतःचा डबा स्वतः करता न येणारा मुलगा लग्नाला तयार नाही, हेही बहुमताने ठरलं. दोघांनी विरोध केला, ते सध्या पोळ्या शिकत आहेत.

आणि शरीराबद्दल बोलता येणं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली या विषयावर उघड बोलणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, खटले सोसले, १९५३ पर्यंत ते चालवलं. इतक्या वर्षांनंतर आमचं लैंगिक शिक्षण मोबाइलवरच्या घाणीतून होतं. पत्नी अठराच्या वरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती नव्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कार ठरत नाही. कायदा जो नकार मोजत नाही तो आम्ही मोजू.

आता सरकारकडे पाहू. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. संसार मोडायला आला की राज्य तुम्हाला समुपदेशक देतं. परस्पर संमतीने वेगळं व्हायचं तर कायदा आधी वर्षभर वेगळं राहायला सांगतो आणि अर्जानंतर साधारण सहा महिने विचाराला देतो. जोडताना मात्र गच्चीवरची दहा मिनिटं. आमची मागणी साधी आहे: पसंती आणि सुपारी यांच्यात निदान सहा महिने जाऊ द्या. त्या काळात दोघांना भेटू द्या, वाद घालू द्या, आणि मोडावंसं वाटलं तर मोडू द्या. मोडलेल्या सोयरिकीची बदनामी मुलीच्या पदरात टाकू नका. मोडलेल्या संसारापेक्षा ती शंभर पटीने बरी.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडेही आमचं मागणं आहे. हे विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी उभं राहिलं, त्यामुळे जिल्ह्याचं दुखणं त्याला परकं नसावं. सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी नातेसंबंधांवरचा एक ऐच्छिक अभ्यास सुरू करा. दिल्ली विद्यापीठाने अशा विषयाचं दार उघडलं आहे, सोलापूरनेही उघडावं. त्यात गुण नकोत, परीक्षा नको, ‘आदर्श सून’ घडवण्याचे धडे तर अजिबात नकोत. प्रत्येक कॉलेजात पूर्णवेळ समुपदेशक असावा, आणि त्याला किंवा तिला कन्नड-तेलुगूही यावी. बोलावंसं वाटतं ते माणूस घरच्या भाषेतच बोलतो. तोवर ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, तो आम्ही वर्गावर्गांत लावतो आहोत.

काही धोके आम्हाला दिसतात. ‘मनाची तयारी’ हा उद्या सदतिसावा गुण होईल, मुलीकडून मानसशास्त्रीय चाचणीचं प्रमाणपत्र मागितलं जाईल, आणि जातीबाहेरचं लग्न मोडायला बाप म्हणेल, ‘तुझी तयारी नाही म्हणे.’ असं कोणी केलं तर आम्ही त्याच्या विरुद्ध उभे राहू. तयारी ज्याची त्याने तपासायची, दुसऱ्याने मापायची नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला लग्नाचा हक्क नाही, असंही आमचं म्हणणं नाही. त्याला उपचाराचा हक्क आहे आणि समोरच्याला खरं कळण्याचा. ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ हा उपाय दारूवरही केला गेला आणि नैराश्यावरही. बायको हे औषध नव्हे, आणि नवराही नव्हे.

आम्ही हे आज शोधून काढलेलं नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईला नवऱ्याने १८८४ मध्ये कोर्टात खेचलं. समज नसताना लावलेलं लग्न मला बांधत नाही, असं तिने सांगितलं. १८८७ मध्ये नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा निकाल आला, तेव्हा तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी नवऱ्याकडून हक्कांची हमी मागते आणि तो ती देतो. गोव्यात आणि वसईत चर्चमध्ये लग्न लावण्यापूर्वी जोडप्याला तयारीचा वर्ग करावा लागतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती ‘जोडीदाराची विवेकी निवड’ या नावाने तरुणांत काम करते. त्यांच्याकडून आम्ही शिकणार आहोत. आम्ही त्यात भर घालतो ती एवढीच की निवड करण्याआधी निवड करणाऱ्यानेही स्वतःला तपासावं.

आईवडिलांना एक सांगायचं आहे. तुमच्यावर आमचा राग नाही. मुलगी उजवली की जबाबदारी संपली, असं तुम्हाला तुमच्या आईवडिलांनी शिकवलं. भावकी विचारते, शेजारी विचारतात, पाहुणे प्रत्येक वास्तुशांतीत विचारतात, आणि उत्तर देऊन तुम्ही दमता. यापुढे ते उत्तर आम्ही देऊ. ‘पोरांचं ठरेना’ म्हणायला तुम्हाला लाज वाटू नये, एवढी मदत आम्हाला तुमच्याकडून हवी.

या चळवळीला अजून नाव नाही, पदाधिकारी नाहीत, वर्गणी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही हुतात्मा बागेत जमतो. लग्न ठरलेल्यांनी यावं, मोडलेल्यांनी यावं, झालेल्यांनी तर नक्की यावं, त्यांना आम्हाला खूप विचारायचं आहे. सही मागत नाही. हा कागद घरी न्या, रात्री जेवायला सगळे बसले की मोठ्याने वाचा, आणि घरच्यांनी जे आक्षेप घेतले ते लिहून आणा. पुढच्या बैठकीत त्यांच्यापासूनच सुरुवात करू.